क्रियापद एकटे पाठ करू नका
इंग्रजी क्रियापद त्याच्यामागून येणाऱ्या छोट्या शब्दासह, शक्यतो संपूर्ण वाक्यातच, वहीत उतरवावे. ‘लुक’ म्हणजे पाहणे एवढेच ठाऊक असेल, तर ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, हे निव्वळ तर्काने उमगत नाही.

खरी अडचण कर्माच्या जागेची असते आणि सर्वाधिक वेळ तिलाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ या दोन्ही रचना चालतात. परंतु ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ हे सर्वनाम आले की ते मध्येच बसते आणि ‘टर्न इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. याउलट ‘लुक ॲट’ ही जोडी सर्वनामासाठीही फुटत नाही, म्हणून तेथे ‘लुक ॲट इट’ हेच बरोबर. हा फरक कानालाही जाणवतो, कारण ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना ‘ऑफ’वर जोर पडतो, तर ‘ॲट’ सहसा दबलेलाच राहतो.

मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ जोडण्याचा मोह होतो. प्रमाण इंग्रजीत मात्र त्या क्रियापदाला थेट कर्म लागते. ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे; या रचनेत ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे त्यापुढे ‘मीट’ नव्हे, तर ‘मीटिंग’ येते.