ठिबकचं अनुदान : पूर्वसंमतीआधी माल उचलू नका

प्रश्न : महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांचं ऑनलाइन पोर्टल) कपाशीच्या ठिबकसाठी अर्ज केलाय. दुकानदार म्हणतो, माल आत्ताच टाकून घ्या, कागद मागाहून करू. घ्यावा का? (रावेर तालुका)

नाही. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत एक नळीही उचलू नका. मोका तपासणीत, म्हणजे शेतावर येऊन होणाऱ्या पाहणीत, बिलाची तारीख संमतीच्या आधीची निघाली की प्रस्ताव बाद. दुकानदाराचा माल खपलेला असतो, त्याचे पैसेही त्याला मिळालेले असतात. उधारी घेऊन बसता तुम्ही. गावोगाव हेच बघतो आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "दुकानदार म्हणाला होईल." दुकानदाराच्या शब्दावर अनुदान निघत नाही. आधी संमती, मग खरेदी.

केंद्राचं अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. राज्याचं पूरक अनुदान धरून ८० आणि ७५. मर्यादा ५ हेक्टर. फार्मर आयडी हवाच. हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत, शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर आहेत. "ऐंशी टक्के सरकार भरतंय" म्हणत कुणी बिल फुगवलं, तर वरचा सगळा भार तुमच्यावर. दोन-तीन दुकानांची कोटेशनं घ्या. आणि पैसे तुमच्याच खात्यात यायचे असतात, तेव्हा कोरी सही, कोरा चेक आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. अर्ज भरून देणारा भाऊबंद असला तरी नाही.

प्रश्न : पीएम किसानचा हप्ता जमा झाल्याचं दाखवतंय, पण पासबुकात नाही. (यावल तालुका)

मध्यंतरी दुसरं खातं उघडलंत का? थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असं नाही. आधार शेवटी ज्या खात्याशी थेट लाभासाठी जोडलं, तिथं जाते. पोस्ट पेमेंट बँकेचं खातं आठवून बघा, बहुतेक तिथंच २,००० रुपये पडून असतील. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे ते थेट लाभासाठी जोडलं गेलंच असं नाही, शाखेत हे स्पष्ट विचारा. राज्याच्या नमो शेतकरी योजनेच्या हप्त्यालाही हेच लागू. "साहेबांना सांगून हप्ता सोडवतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : ठिबक बसलं. दुकानातून १२:६१:०० आणि कॅल्शियम नायट्रेट दिलंय. महिन्यातून एकदा दोन्ही एकत्र, भरपूर सोडा म्हणाले.

मुळीच नको! १२:६१:०० मध्ये स्फुरद आहे. ही दोन खतं एका टाकीत आली की साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. अनुदानाचा संच पहिल्याच हंगामात निकामी होताना पाहिलाय, म्हणून ओरडून सांगतो : कॅल्शियम नायट्रेट स्फुरद किंवा सल्फेटच्या कोणत्याही खतासोबत नाही. ०:०:५० हे सल्फेटचं पालाश खत, त्यासोबतही नाही. वेगळ्या दिवशी सोडा.

महिन्याचा डोस एकदम ओतणं हा दुकानदाराचा सल्ला, कारण गोणी लवकर संपते. जादा नत्राने कपाशी नुसती माजते, मावा-तुडतुडे वाढतात. मी दर आठवड्याला थोडं-थोडं द्यायला सांगतो आणि ज्यांनी ऐकलं त्यांचा खतावरचा खर्च उतरलाय. माती परीक्षणावरून हंगामाची मात्रा काढा, ती आठवड्यांत वाटा. आधी साधं पाणी, मग खत, शेवटची १५-२० मिनिटं पुन्हा साधं पाणी. भर पावसात, वाफसा नसताना खत सोडू नका. फिल्टर नेहमी धुवा, आणि पंधरवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.