थंडीत रग्बी, पोराला पाठवू का?

प्रश्न: दादा, माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, जळगावला रग्बीच्या टीममधे जातो. डिसेंबरपासून प्रॅक्टिस सकाळी 6 ला आहे, गारठा इतका की बोटं वळत नाहीत, आणि टॅकलची (धरून खाली पाडण्याची) पण भीती वाटते. बंद करू का?

उत्तर: ताई, बंद नका करू, वेळ बदलायला सांगा. आपल्याकडे जानेवारीत पारा कधी कधी 10 च्या खाली जातो, मग 6 ला कशाला, ऊन आल्यावर साडेसात-आठला घ्या ना. पहिली 10-15 मिनिटं पळणं, पकडापकडी, अंग गरम झालं की मगच बॉल, कारण गार बोटांनी कॅच सुटतो आणि मग पोरं हिरमुसतात. बॉल 3 नंबरचाच हवा, मोठ्यांचा 5 नंबरचा त्यांच्या हातात मावत नाही. टॅकलचं म्हणाल तर या वयात टॅग रग्बी बरी, कमरेची पट्टी ओढली की झालं, पाडापाडी नाहीच. रांगेत उभं मात्र ठेवू नका, घाम गार पडतो. स्वेटर खेळताना काढायचा, थांबलं की लगेच घालायचा. आणि काळ्या मातीचं मैदान थंडीत वाळून दगड होतं, भेगांत पाय मुरगळतो, ते आधी बघा. घरी आल्यावर केळं द्या, जळगावात त्याला काय तोटा!