पहिली दुर्बीण घेण्याआधी

एवढ्यात टेलिस्कोपवर पैसे घालू नका. आधी १०×५० ची बायनॉक्युलर घ्या, म्हणजे दहापट मोठं दिसेल आणि समोरची भिंगं ५० मिमीची. स्वस्तातला टेलिस्कोप बहुतेकदा डगमगत्या स्टँडवर येतो आणि महिन्याभरात माळ्यावर जातो. हौस तिथेच मरते, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात जानेवारीत करा, अमावास्येच्या आसपास. रात्री नऊ-दहाला मृग नक्षत्र आपल्याकडे दक्षिणेला चांगलं उंच असतं. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण नुसत्या डोळ्यांनी ओळखा. ती रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की व्याधाचा तारा, वर वायव्येकडे नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका डोळ्यांना सहा-सात दिसतात, बायनॉक्युलरमधून कितीतरी जास्त. मग बाणाच्या खालच्या अंधूक ताऱ्यांकडे वळा. मधला तारा धुरकट दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. तिथे आजही नवे तारे जन्मताहेत! हात हलत असतील तर कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेका.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइल बंदच हवा. नकाशा बघायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. चंद्र बघायचाय? पौर्णिमा टाळा, अष्टमीला बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात.