पिवळा पडलेला ऊस कुणाला दाखवायचा?

चि.,
अनेक आशीर्वाद.

शास्त्रज्ञ व्हायचंय, पण कसला ते ठरत नाही, असं लिहिलंस. शास्त्रांची नावं पाठ करू नकोस. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडच्या पिवळ्या पडलेल्या उसात जाऊन उभा राहा.

कीटकशास्त्रज्ञ आधी उसाचं बेट ओढून बघतो. मुळं कुरतडलेली असतील तर ते अलगद उपटून येतं आणि खाली तपकिरी डोक्याची, वळून पडलेली पांढरी अळी दिसते. ती हुमणी. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ कांडं उभं चिरतो. गर लाल, मध्ये आडवे पांढुरके पट्टे, आंबूस वास, म्हणजे लाल कूज हा बुरशीचा रोग. मृदाशास्त्रज्ञ पानं बघतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. इथंच बरेच जण फसतात. चुनखडीच्या काळ्या रानात लोह असतंच, पण सामू (मातीची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा, pH) आठाच्या वर गेला की मुळांना ते मिळत नाही. नुसतं हिराकस, म्हणजे लोहाचं खत, मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं. ते शेणखतात मुरवून द्यावं, नाहीतर पानांवर फवारावं.

हीच माती निपाणीकडे काळी आणि खानापूरकडे जांभ्या दगडाची तांबडी का, हा प्रश्न भूशास्त्रज्ञाचा. गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली झेपावते, तिथला वालुकाश्मही त्याच्याच अभ्यासाचा. भीमगडच्या गुहांतली वटवाघळं प्राणिशास्त्रज्ञाची.

तुझा कल कुठं आहे ते हात मळल्याशिवाय कळणार नाही, म्हणून या सुट्टीत मातीचा नमुना काढ. एकरात नागमोडी चालत 8-10 जागा निवड. बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि नुकतंच खत घातलेली जागा सोड. वरचा पालापाचोळा बाजूला करून ‘व्ही’ आकाराचा खड्डा घे, उसाला 30 सेंमी, हंगामी पिकाला 15-20. कडेची बोटभर जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून घे. सगळी एकत्र कालव, चार वाटे कर, समोरासमोरचे दोन टाकून दे; अर्धा किलो उरेपर्यंत हेच कर. माती सावलीत वाळव, कापडी पिशवीत भर. खताच्या रिकाम्या पोत्यावर ती पसरलीस तर नत्र-पालाशचे आकडे खोटे येतील. लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं आणि लोखंडी घमेलंही नको.

नमुना माती तपासणीच्या प्रयोगशाळेत दिलास की अहवाल बहुधा कन्नडमध्ये मिळेल. मण्णु म्हणजे माती, कब्बु म्हणजे ऊस, एवढं तुला येतंच. बाकीचे शब्द मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वहीत उतरव. आधी सामू आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातून मातीत येणारा कर्ब) वाच, आणि ते दोन आकडे मला कळव.