मायचा हात

अमळनेर, रविवार

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास, खिशातून मायचा रिपोर्ट काढलास आणि टेबलावर पालथा ठेवलास. मी तो उलटून वाचेपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. नंतर जे बोललास ते सगळं "तिथली गाठ" आणि "ते ऑपरेशन" असंच. तुला लाज वाटते हे मला कळतं. पण मी एकतीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या मायला स्तनाचा कर्करोग आहे. हे वाक्य एकदा मोठ्याने म्हण, शेतात जाऊन म्हण हवं तर. कारण पुढचा महिनाभर डॉक्टर, सिस्टर, योजनेच्या खिडकीवरचा माणूस, सगळ्यांशी तुलाच बोलायचं आहे. "छातीत त्रास आहे" म्हटलं की केसपेपर काढणारा हृदयाच्या ओपीडीकडे पाठवतो आणि अर्धा दिवस जातो. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

दुसरं, मायपासून लपवू नको. आमच्या वॉर्डात पारोळ्याकडची एक बाई होती. घरच्यांनी तिला सांगितलेलं, साधी गाठ आहे, काढली की घरी. संमतीपत्रावर अंगठा घेतला तोही घाईघाईत. भूल उतरल्यावर तिने पट्टीवरून हात फिरवला, मग परत फिरवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माले कोणीच सांगं नही, सिस्टर." रडली नाही. पण त्यानंतर ड्रेसिंगच्या वेळी ती तोंड भिंतीकडे करायची आणि घरच्यांशी आठ दिवस बोलली नाही. स्तन काढणार आहेत हे मायला ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे, आणि डॉक्टरांच्या तोंडून कळलं पाहिजे. तू शेजारी उभा राहा. बहुतेक तिला अंदाज आलाच असेल. चार पोरं वाढवलेल्या बाईला घरातली कुजबुज समजते.

चिठ्ठीवर "एम.आर.एम." लिहिलंय त्याचा अर्थ तू डॉक्टरांना विचारला नाहीस, मला विचारलास. अर्थ असा की पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढतात. छातीचा मोठा स्नायू तसाच ठेवतात. फार पूर्वीच्या ऑपरेशनात तोही काढत, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या "छाती खड्डा होते" म्हणतात. ते आता मनातून काढून टाक. काही जणींची नुसती गाठ काढून स्तन वाचवता येतो, पण मग शेक, म्हणजे रेडिएशन, बहुतेक वेळा घ्यावंच लागतं. मायच्या बाबतीत हे का नाही, एवढं डॉक्टरांना जरूर विचार. गाठीचा आकार आणि जागा बघून ते सांगतील. आधी केमो, म्हणजे कर्करोगाची औषधं, देऊन गाठ लहान करायची का, हेही विचार.

अजून एक विचारण्यासारखं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयातले डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये छापून आला. ऑपरेशन सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती साध्या भुलीचं इंजेक्शन दिलं. सहा वर्षांनी त्या गटातल्या ९०.१ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्या गटातल्या ८६.४ टक्के. ज्यांना आधी केमो न देता थेट ऑपरेशन करतात अशांसाठी हा अभ्यास होता. औषध अगदी स्वस्त आहे. "मायला याचा उपयोग आहे का" एवढंच नम्रपणे विचार, हट्ट धरू नको.

पैशांचं थोडक्यात सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं. रेशनकार्ड आणि आधार दोन्हींवर मायचं नाव सारखंच आहे का, ते आजच बघ. एकावर "बाई" आणि दुसऱ्यावर नुसतं नाव, एवढ्यावरूनही अडतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून मंजुरी ऑपरेशनच्या आधी यायला हवी, नंतर धावून उपयोग नसतो.

आता तयारीचं. माय सकाळी मिसरी लावते, मला माहीत आहे. ती आजपासून बंद. तंबाखूने जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि टाके उशिरा भरतात, असं सांगितलंस तर ऐकेल. नुसतं "वाईट असतं" म्हणालास तर नाही ऐकणार. बीपीच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि गावातल्या वैद्याची पुडी, सगळं एका पिशवीत घालून भुलीच्या डॉक्टरांसमोर ठेव. काय चालू ठेवायचं आणि काय किती दिवस आधी थांबवायचं, ते तेच ठरवतील. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जेवण आणि किती वाजेपर्यंत पाणी हे कागदावर लिहून घे. लांबून आलेल्या मायमाउल्या पहाटे "नुसता चहा" घेतात आणि दुधाच्या त्या एका कपामुळे ऑपरेशन पुढे जातं.

बांगड्यांचं मात्र नीट ऐक, हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. थिएटरमध्ये अंगावर धातू आणि काच चालत नाही. घट्ट चुडा निघत नसला की दारात घाई होते आणि सिस्टरला बांगडी फोडावी लागते. आपल्या बायकांच्या मनात बांगडी फुटण्याचा अर्थ काय, ते तुला ठाऊक आहे. टेबलावर जाण्याआधी तो विचार तिच्या डोक्यात नको. म्हणून दोन दिवस आधी घरीच, साबणाच्या पाण्यात हात भिजवून, तुझ्या सख्ख्या मावशीकडून मायच्या बांगड्या हळूच उतरवून घ्या. मंगळसूत्र आणि जोडवी रुमालात बांधून मावशीच्या कमरेला. ज्या बाजूचं ऑपरेशन आहे त्या हातात नंतर घट्ट बांगडी घालायची नाही. सैल असेल तर चालेल का, ते डॉक्टर सांगतील.

रात्री बायकांच्या वॉर्डात तुला थांबू देणार नाहीत, तेव्हा मावशीला आठ दिवस मोकळं करा. समोर बटणं असलेले दोन सैल सुती गाऊन घ्या. डोक्यावरून घालायचं काहीच नको, कारण हात वर जाणार नाही. एक छोटी उशी घ्या हाताखाली ठेवायला. घरी परतताना एसटीच्या धक्क्यात तीच उशी काखेखाली लागेल.

ऑपरेशननंतर माय बाहेर येईल तेव्हा तिच्या कुशीतून एक-दोन नळ्या निघालेल्या असतील, टोकाला दाबून चपटी करायची प्लॅस्टिकची बाटली. हा ड्रेन. घाबरू नको. आत साचणारं पाणी तो ओढून घेतो. ड्रेन तुझ्याकडे सोपवते आहे, कारण तू हिशेबाचा मुलगा आहेस. रोज सकाळी एकाच वेळी, हात साबणाने धुऊन, बाटली मोजपात्रात रिकामी करायची, आकडा आणि रंग वहीत लिहायचा. मग बाटली दाबून चपटी करायची आणि चपटी असतानाच झाकण लावायचं, म्हणजे ओढ टिकते. पाणी न साचताच बाटली फुगली असेल तर कुठून तरी हवा जाते आहे, सिस्टरला दाखव. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं, पातळ वरणाच्या वरच्या पाण्यासारखं, असा रंग बदलत जातो. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं आणि तसंच राहिलं, की बहुतेक डॉक्टर नळी काढतात. कुणाची आठव्या दिवशी निघते, कुणाची पंधराव्या. एका नातेवाइकाने तीन दिवस न मोजताच बाटली मोरीत ओतली होती, मग डॉक्टरांना नळी नुसत्या अंदाजावर काढता येईना. बाटली नेहमी जखमेच्या खाली राहील असं बघ, आणि माय उठताना नळी गादीत अडकू देऊ नको.

बाटली अचानक लाल रक्ताने भरायला लागली, ताप १००.४च्या वर गेला, जखम लाल-गरम झाली, वास आला, पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर उद्याची वाट बघायची नाही. नळी काढल्यावर कधी कधी त्या जागी पाणी साचून फुगवटा येतो. डॉक्टर सुईने काढतात, आणि ती जागा बधिर असल्याने फारसं दुखतही नाही. दंडाची आतली बाजू बधिर वाटेल, मुंग्या येतील. तिथली एक बारीक नस ऑपरेशनमध्ये बहुधा जाते, म्हणून. मायला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल लकवा झाला.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही सगळे मायवर जीव टाकता, आणि म्हणूनच मला भीती वाटते. पारोळ्याच्या त्याच बाईला माहेरच्यांनी तीन महिने पेला उचलू दिला नाही. ती हात पोटाशी धरून बसून राहायची. तपासणीला आली तेव्हा खांदा असा धरलेला की वेणी घालता येईना. पुढे शेक द्यायची वेळ आली, तर मशीनखाली हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावं लागतं. तिचा हात तेवढा जाईना. आधी फिजिओथेरपी, मग शेक, मधले दिवस वाया.

म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूच्या हाताची मूठ आवळणं-सोडणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं सुरू. केस विंचरायचे तेही त्याच हाताने, मान खाली झुकवून. ड्रेन निघेपर्यंत हात खांद्याच्या वर नको. निघाला, डॉक्टर हो म्हणाले, की भिंत. ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथवर पोचली तिथे तू पेन्सिलीने रेघ मार, शेजारी तारीख. दिवसातून तीनदा. ताण जाणवेल, तो चालतो. कळ आली तर थांबायचं. एखाद्या दिवशी रेघ खालीच राहील. त्या दिवशी काही बोलू नको, दुसऱ्या दिवशी परत उभं कर. हंडा, कळशी, पीठ मळणं मात्र डॉक्टर सांगेपर्यंत, साधारण सहा आठवडे, नाही.

पथ्याच्या नावाखाली तिला उपाशी मारू नका. वांग्याने वात होतो, दह्याने पू होतो, अंड्याने टाके सुटतात, असं गावभर सांगतील. यातल्या कशानेही जखम बिघडत नाही. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी भरपूर द्या, भरीतही खाऊ द्या. जखमेवर हळद-तेल लावू नका, कोरडी ठेवा. आपल्याकडच्या उन्हात घाम काखेत साचतो, पंख्याखाली बसवा.

काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातातलं पाणी हळू वाहतं, आणि हात सुजायचा धोका वर्षानुवर्षं राहतो. त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला ती जाईलच, कितीही नको म्हणालात तरी. वाळलेल्या बोंडाच्या टोकाने बोटांना जे ओरखडे पडतात, त्यातूनच तिथे जंतू शिरतात. हातमोजे घालून जायला सांग, आणि तव्याचा चटका लागला तरी साबणाने धुऊन मलम. हात जड वाटला, बांगडी रुतायला लागली, की लगेच दाखवायचं.

तुझ्या वडिलांना, नानांना, सांग, माय हो म्हणाली तर एकदा जखम बघा आणि तोंड फिरवू नका. एवढंच. बाकी त्यांना जमेल तसं.

ड्रेनची बाटली ठेवायला गळ्यात अडकवायची पिशवी लागते, नाहीतर बायका ती हातात धरून संडासात जातात. जुन्या सुती साडीच्या दोन शिवून ठेवल्या आहेत, एक धुतली की दुसरी. नाडी मायच्या उंचीचा अंदाज घेऊन ठेवली आहे, कमी-जास्त झाली तर गाठ मार. गुरुवारी चोपड्याला जाताना घेऊन जा.

तुझी,
सिस्टर मावशी