ओकिनावात एकटीने राहायला येतेस? अमेरिकी सैनिकांच्या बातम्यांबद्दल थोडं सविस्तर

मृणाल, ओइस्टमध्ये (ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संशोधन विद्यापीठात) पीएचडीला जागा मिळाली त्याबद्दल आधी अभिनंदन. घरी मात्र आनंदापेक्षा काळजीच जास्त झालेली दिसतेय. बाबांनी ओकिनावातल्या अमेरिकी सैनिकांच्या गुन्ह्यांच्या बातम्या एकामागून एक धाडल्या आणि तू विचारलंस, की एकट्या मुलीने तिथे राहणं कितपत सुरक्षित, लोकांचा राग सरसकट परदेशी माणसांवर निघतो का, आणि अमेरिकी लष्करी तळांच्या जवळपास घर घ्यावं की नाही. मी आधी योकोहामात होते, लग्नानंतर इकडे आले. दोन्हीकडच्या लोकांची तऱ्हा पाहिली आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरी मेख तिथेच आहे. राग परदेशी माणसांवर नाही. एकेकट्या अमेरिकी माणसावरही फारसा नाही. इथले गव्हर्नर डेनी तामाकी यांचे वडीलच अमेरिकी मरीन होते, आणि लोकांनी त्यांना दोनदा निवडून दिलंय. माझ्या ऑफिसात कुणाचा भाऊ तळावर कामाला आहे, कुणाची मावशी अमेरिकेत लग्न करून गेली आहे. राग आहे तो व्यवस्थेवर, आणि त्यातही वॉशिंग्टनपेक्षा टोकियोवर जास्त. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडत जाईल.

जपानच्या एकूण जमिनीपैकी ओकिनावाच्या वाट्याला ०.६ टक्के जमीन आहे. पण फक्त अमेरिकी लष्करासाठी राखलेल्या जपानमधल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा या एवढ्याशा बेटांवर. त्यावर जपानमधल्या अमेरिकी सैनिकांना कुठले नियम लागू ते ठरवणारा, दोन्ही देशांमधला १९६० चा दर्जाविषयक करार. त्याला इथे ‘चीइ क्योतेइ’ म्हणतात, आल्यावर पहिल्या महिन्यातच तुझ्या कानावर पडेल. त्याचं सतरावं कलम असं, की सैनिकाने ड्युटीवर असताना काही केलं तर खटला चालवण्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. ड्युटीवर नसताना केलं तर जपानचा. पण संशयित जर अमेरिकेच्या ताब्यात असेल, तर जपान आरोपपत्र दाखल करेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहतो. पोलिसांच्या हाती पुरावा आहे, नाव आहे, आणि माणूस मात्र कुंपणापलीकडे.

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये नेमकं हेच झालं. बारा वर्षांच्या शाळकरी मुलीला तीन सैनिकांनी भाड्याच्या गाडीतून पळवून नेऊन अत्याचार केला. पोलिसांनी वॉरंट काढलं, पण ताबा मिळेना. २१ ऑक्टोबरला गिनोवानमध्ये सभा झाली, आयोजकांच्या आकड्याप्रमाणे ८५,००० माणसं. तेव्हा एका कॉलेजच्या वयाच्याही नसलेल्या शाळकरी मुलीने भाषण केलं होतं, लष्कर नसलेलं शांत बेट आम्हाला परत द्या म्हणून. माझ्या वयाच्या बायका अजून त्या सभेबद्दल बोलतात, कुणी आईचा हात धरून गेलेली, कुणी कडेवर बसून. त्यावर कडी केली ती अमेरिकेच्या पॅसिफिक कमांडच्या अॅडमिरल रिचर्ड मॅकी यांनी. गाडीच्या भाड्याच्या पैशांत त्यांना वेश्या मिळाली असती, असं ते पत्रकारांपुढे बोलून गेले. त्यांना पद सोडावं लागलं. तिघांना नाहा जिल्हा न्यायालयात साडेसहा ते सात वर्षांची शिक्षा झाली. खून आणि बलात्काराच्या बाबतीत आरोपपत्राआधी ताबा द्यायचा ‘सहानुभूतीने विचार’ करू, असं अमेरिकेने मान्य केलं. विचार करू म्हणजे देऊच असं नव्हे. मूळ करार आजवर एकदाही दुरुस्त झालेला नाही.

तुला वाटेल हे सगळं मोर्चे-सभांपुरतं, सभ्यपणे चाललेलं. एकदाच तसं नव्हतं. १९७० च्या डिसेंबरात, ओकिनावा अजून अमेरिकेच्या ताब्यात असताना, कोझा गावात दारू प्यायलेल्या एका सैनिकाने गाडीखाली एकाला जखमी केलं. त्याच्या थोडंच आधी इतोमानमध्ये एका बाईला गाडीने उडवून मारणारा सैनिक लष्करी कोर्टातून निर्दोष सुटला होता. लोकांचा बांध फुटला. अमेरिकी लोकांच्या गाड्यांना तेव्हा पिवळ्या पाट्या असायच्या. त्या पाट्या बघून ७० हून जास्त गाड्या उलटवून जाळल्या. पण जुनी माणसं आवर्जून सांगतात, की घरांना आग लागू नये म्हणून गाड्या आधी ढकलत रस्त्याच्या मध्यावर आणल्या आणि मगच पेटवल्या. मेलं कुणी नाही. दुकानं लुटली गेली नाहीत. आपल्याकडच्या दंगली पाहिलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

आता बाबांनी पाठवलेली २०२४ ची बातमी. ती नीट समजून घे, कारण तेव्हा मी इथेच होते. २०२३ च्या नाताळच्या सुमारास एका हवाई दलाच्या सैनिकाने बागेत भेटलेल्या, सोळा वर्षांखालच्या मुलीला घरी नेऊन अत्याचार केला. मार्चमध्ये आरोपपत्र दाखल झालं. टोकियोच्या परराष्ट्र खात्याला माहीत होतं, त्यांनी अमेरिकेच्या राजदूतांकडे निषेधही नोंदवला होता. ओकिनावाच्या सरकारला मात्र कुणी एका शब्दाने कळवलं नाही. एप्रिलमध्ये पंतप्रधान किशिदा वॉशिंग्टनला जाऊन आले. १६ जूनला इथल्या विधिमंडळाची निवडणूक झाली. २३ जूनला युद्धातल्या मृतांचा स्मृतिदिन झाला, किशिदांनी येऊन हात जोडले. आणि २५ जूनला स्थानिक माध्यमांतून बातमी फुटली.

त्या दुपारी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मोबाईलवर ती वाचली. त्यांची मुलगी त्याच वयाची. एरवी मोठ्या आवाजात बोलणाऱ्या या बाई खालच्या पट्टीत एवढंच म्हणाल्या, “सहा महिने. सहा महिने आम्ही मुलांना त्याच बागांमध्ये पाठवत होतो.” नंतर त्यांनी ‘ओकिनावा टाइम्स’ आणि ‘र्‍यूक्यू शिंपो’ ही दोन्ही वर्तमानपत्रं आणली आणि कुठल्या तारखेला कोणाला माहीत होतं ते पेनने अधोरेखित करत बसल्या. सैनिकाबद्दल त्या फार काही बोलल्याच नाहीत. त्याला शिक्षा होईल हे त्यांना ठाऊक होतं (झालीही, डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षं). त्यांना छळत होता तो तारखांचा हिशेब. पुढच्या काही दिवसांत अशीच लपून राहिलेली आणखी प्रकरणं बाहेर आली, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला.

परराष्ट्र खात्याचं म्हणणं होतं की पीडितेची ओळख जपायची होती. हे सरळ उडवून लावता येत नाही, आणि इथल्या बायकाही ते उडवून लावत नाहीत. २००८ मध्ये चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात माध्यमं दारात उभी राहिली, ‘रात्रीची बाहेर कशाला गेली’ छापाची टीका सुरू झाली, आणि शेवटी तिने तक्रार मागे घेतली. जपानने संशयिताला सोडून दिलं (पुढे अमेरिकी लष्करी कोर्टात त्याला शिक्षा झाली). आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको. त्यामुळे नाव गुप्त ठेवणं आणि गुन्हाच गुप्त ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे १९९५ पासून काम करणाऱ्या इथल्या स्त्री संघटना घसा कोरडा करून सांगतात. सुझुयो ताकाझातो आणि त्यांच्या सहकारी बायकांनी १९४५ पासूनच्या अत्याचारांची एक सनावळीच जुन्या कागदपत्रांतून आणि साक्षींतून तयार केली आहे. ती जाडजूड होत चालली आहे. जमलं तर इथे आल्यावर बघ.

दर प्रकरणानंतर एक ठरलेला क्रम असतो, तो टीव्हीवर तुला वारंवार दिसेल. नगरपरिषद निषेधाचा ठराव करते, बहुतेक वेळा एकमताने. उजवे-डावे सगळे हात वर करतात. मग अध्यक्ष आणि चार-पाच सदस्य गडद सूट घालून संरक्षण खात्याच्या स्थानिक कार्यालयात जातात. दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात. अध्यक्ष ठराव खड्या आवाजात वाचतात, दोन्ही हातांनी कागद पुढे करतात, अधिकारी कमरेत वाकून तो घेतात, ‘पुन्हा घडू नये म्हणून’ अमेरिकेला कळवू म्हणतात. आठ-दहा मिनिटांत आटोपतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे नाटकच वाटलं होतं. माझे सासरे (ते इथलेच) म्हणाले, ठराव केला नाही तर उद्या टोकियो म्हणेल की स्थानिकांची तक्रारच नव्हती.

टोकियो आणि योकोहामात याचा मागमूसही नसतो. योकोहामात असताना शेजारच्या योकोसुकातल्या तळाबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही. तिथे २००६ आणि २००८ मध्ये नौसैनिकांनी खून केलेले असूनसुद्धा. २०१६ मध्ये उरुमा भागातल्या वीस वर्षांच्या मुलीचा तळावर काम करणाऱ्या एका माजी मरीनने खून केला, तेव्हा नाहात ६५,००० लोक जमले, बरेचसे काळ्या कपड्यांत. त्या सभेत एका विद्यार्थिनीने मुख्य भूमीवरच्या जपान्यांनाच दुसरे गुन्हेगार म्हटलं होतं. आणखी एक गंमत सांगते, हसू येईल अशी नाही. २०२५ च्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ म्हणत परदेशी लोकांविरुद्ध प्रचार करणाऱ्या सानसेइतो पक्षाला बऱ्यापैकी जागा मिळाल्या. त्या प्रचारात नेपाळी, व्हिएतनामी, चिनी, कुर्द सगळे होते. हे सैनिक कुठे फारसे दिसलेच नाहीत. त्यांना व्हिसा लागत नाही, ते परदेशी रहिवाशांच्या मोजणीतही येत नाहीत. त्यामुळे तुला परदेशी म्हणून काही ऐकून घ्यावं लागलंच, तर ते टोकियोत लागण्याची शक्यता जास्त.

आणि तू या कराराच्या कक्षेत येत नाहीस, हे विसरू नकोस. तुझ्या खिशात रहिवासी कार्ड कायम हवं, अगदी खाली कचरा टाकायला गेलीस तरी. पोलिस विचारू शकतात आणि विचारतात. काही लफड्यात सापडलीस तर आरोपपत्राआधी २३ दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते, आणि चौकशीच्या खोलीत वकील शेजारी बसत नाही. इथल्या लोकांना हा फरक चांगला कळतो. तू भारतातून आलीस म्हटल्यावर पहिला प्रश्न करीचा असतो. दुसरा, हमखास, कोझाच्या गेट २ स्ट्रीटवरच्या भारतीय शिंप्यांचा. अमेरिकी अमलापासून ते सैनिकांचे सूट शिवत आलेत, काही दुकानं अजून टिकून आहेत. म्हणजे आपण इथे अगदीच नवखे नाही.

बोलताना एक पथ्य पाळ. सैनिकांच्या गुन्ह्यांचं प्रमाण स्थानिकांपेक्षा कमीच आहे, हा युक्तिवाद तुला इंटरनेटवर भरपूर सापडेल. तो इथे जेवणाच्या टेबलावर काढू नकोस. इथल्या लोकांचं म्हणणं असं, की स्थानिक चोर आमचाच आहे, त्याला आम्ही पकडतो. हे तळ आम्ही मागितलेले नाहीत. १९९६ च्या सार्वमतात ८९ टक्के मतं तळ कमी करण्याच्या आणि कराराचा फेरविचार करण्याच्या बाजूने पडली होती. तसंच एखादा अमेरिकी सहकारी असला तर त्याच्यापुढे सगळे सैनिक वाईट असंही बोलू नकोस. आमच्या पार्किंगमध्ये एकदा वाय पाटीच्या गाडीने (तळावरच्यांच्या खाजगी गाड्यांवर हे इंग्रजी अक्षर असतं) शेजाऱ्यांच्या गाडीला ठोकलं. पोरगेलासा सैनिक होता. स्वतः बेल वाजवून आला, विम्याचे कागद दिले, दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन केक देऊन गेला.

सुरक्षिततेचं म्हणशील तर इथल्या मुली जे पाळतात तेच पाळ. रोजचं जगणं पुण्यापेक्षा सोपं आहे. रात्री कोंबिनीत (चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात) जायला मला कधी भीती वाटली नाही. शनिवार-रविवारी मध्यरात्रीनंतर गेट २ स्ट्रीट आणि तळांच्या फाटकांजवळचे बार मात्र टाळ. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे जपानी पोलिस, अमेरिकी लष्करी पोलिस आणि स्थानिक स्वयंसेवक यांनी मिळून गस्त घातली. वेळ आलीच तर पोलिसांसाठी ११०, आणि लैंगिक अत्याचारासाठी देशभर एकच मदत क्रमांक आहे, #८८९१. २०२३ च्या कायद्यानंतर संमती नसणं हाच गुन्ह्याचा पाया आहे, त्यामुळे प्रतिकार का केला नाहीस या प्रश्नाला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. आरोपी सैनिक असला तरी तक्रार जपानी पोलिसांकडेच कर, आणि सोबत इन्स्टिट्यूटमधलं कुणी घेऊन जा.

घरासाठी पहिलं वर्ष कॅम्पसवरच राहा. ओन्ना गाव रात्री सुनसान होतं, बस कमी आणि गाडीशिवाय पान हलत नाही. नंतर हवं तर इशिकावा किंवा योमितानकडे बघ. चातानला समुद्र आणि कॅफे छान आहेत, पण तळावरच्यांना घरभाडं सरकारकडून मिळतं, त्यामुळे तिथले घरमालक त्यांच्या खिशाकडे बघून भाडं लावतात, आणि ते पीएचडीच्या भत्त्यात बसणारं नसतं. योमितानला आमच्या ओळखीच्या एका आजीबाई वरचा मजला भाड्याने देतात. तू यायची तारीख कळव, मी त्यांच्या कानावर घालून ठेवते.