वाचकांचे प्रश्न: कोळशाच्या थरांमधला चुनखडक

प्रश्न: कोळशाच्या दोन थरांमधल्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकात), उभ्या बोअरच्या कोअरमध्ये (छिद्र पाडून काढलेल्या खडकाच्या दांड्यात), 60 सेंटिमीटरचा करडा, टणक थर मिळाला. आम्लाने फेसाळतो. याला चुनखडक म्हणावे का? अहवालात नाव काय द्यावे?

उत्तर: नुसत्या फेसावर विसंबू नका, चुनायुक्त शेलही फेसाळतो. ताज्या फुटीवर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. लगेच जोरात बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचे मुख्य खनिज आहे. खरवडून भुकटी केल्यावरच फेस आला तर डोलोमाइटची, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेटची शंका घ्या. मग एक तुकडा भरपूर आम्लात पूर्ण विरघळू द्या, फेस थांबेपर्यंत आम्ल बदलत राहा. निम्म्याहून अधिक चिखल तळाशी उरला तर तो चुनखडक नव्हे.

कोळशाच्या खडकांत सर्वांत जास्त फसवते ते सिडेराइट, म्हणजे लोहाचे कार्बोनेट. तेही करडे आणि टणक असते, पण थंड आम्लात जवळजवळ गप्प राहते. हातात घेताच जड लागते (घनता सुमारे 3.9, कॅल्साइटची 2.7) आणि उघड्यावर तपकिरी गंज धरते. शिवाय ते बहुधा गोट्यांच्या रूपात असते. एका कोअरमध्ये गोटा नेमका मधोमध कापला गेला तर तो थरासारखाच दिसतो, म्हणून शेजारचे बोअर पाहिल्याशिवाय 'थर' हा शब्द वापरू नका.

जाडीही तपासा. थरांची नती (आडव्या पातळीशी उतार) 30 अंश असेल, तर खरी जाडी 60 गुणिले कोज्या 30, म्हणजे सुमारे 52 सेंटिमीटर.

आता हातभिंग. क्रिनॉइड या देठ असलेल्या समुद्री प्राण्याच्या देठाच्या चकत्या किंवा ब्रॅकिओपॉड या दोन शिंपल्यांच्या समुद्री प्राण्याचे शिंपले दिसले तर थर समुद्री. क्रिनॉइड गोड्या पाण्यात राहतच नाहीत, त्यामुळे हा पुरावा भक्कम आहे. नुसते ऑस्ट्रॅकॉड (बारीक कवचधारी जीव) दिसले तर निष्कर्ष काढू नका, ते समुद्रात आणि गोड्या पाण्यात दोन्हीकडे आढळतात. हा फरक महत्त्वाचा, कारण समुद्री थर दूरवर पसरतो आणि वेगवेगळ्या बोअरमधले थर जुळवताना खुणेचा थर म्हणून उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला एम्स चुनखडक असाच आहे. एम्स हे तिथल्या टाउनशिपचे नाव.

नावाची रीत हीच: गावाचे किंवा नदीचे कायमचे, नकाशावरचे नाव आणि पुढे खडकाचा प्रकार. ते नाव दुसऱ्या कोणत्या थराला आधीच दिलेले नाही ना, हे पाहा. प्रमाण छेद (थराचा नमुना म्हणून ठरवलेला छेद) नेमा, त्याची जागा, खोली, वरची आणि खालची सीमा लिहा, कोअर जपून ठेवा, आणि हे सगळे प्रसिद्ध करा. तोवर नाव अनौपचारिकच. दर्जा 'बेड'चा, म्हणजे एकट्या थराचा पुरे, 52 सेंटिमीटरला फॉर्मेशन (नकाशावर दाखवता येईल असा मोठा खडकगट) म्हणण्याचे कारण नाही.

'तीन नंबर सीमवरचा (कोळशाच्या थरावरचा) चुनखडक' असे नाव मात्र कृपया टाळा. सीम दुभंगतात, पुन्हा एकत्र येतात, आणि शेजारच्या खाणीत त्यांचे नंबर निराळे असतात.

अहवालातली नोंद अशी असावी: 'चुनखडक, गडद करडा, अतिसूक्ष्म कणांचा, क्रिनॉइडचे तुकडे विखुरलेले, खालची सीमा काळ्या शेलशी स्पष्ट, वरची हळूहळू शेलमध्ये मिसळणारी, खरी जाडी 52 सेंटिमीटर.' खालच्या कोळशाच्या माथ्यापासूनचे अंतरही लिहा.